हार्ट अटॅकवरच्या उपचारांच्या चाचणीसाठी औषध कसं निवडावं

1980च्या दशकात हार्ट अटॅकमधून वाचलेल्या रुग्णाच्या हृदयाचे जादा ठोके दिसले, की ते दाबणारी औषधं सर्रास सुरू केली जात. तर्क सरळ होता. असे ठोके ज्यांना जास्त, ते अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त. मग ठोके दाबले की मृत्यूही कमी व्हायला हवेत. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड ही दोन औषधं ठोके उत्तम दाबत. अमेरिकेतल्या कास्ट चाचणीत तर आधी औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे ठोके खरोखर दबले त्यांनाच पुढे घेतलं. 1991 साली संपूर्ण आकडे छापून आले. औषध घेतलेल्या 755 जणांपैकी 63 दगावले, प्लासिबो (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) घेतलेल्या 743 पैकी 26. ठोके दबले होते आणि माणसं जास्त मेली होती.

औषध निवडायला बसलेल्या प्रत्येक गटाने हे आकडे टेबलावर ठेवूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. सोबत दुसराही एक आकडा ठेवावा. 1988च्या आयसिस-2 चाचणीत 17,187 रुग्ण होते. महिनाभर रोज 160 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांमध्ये पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे झालेले मृत्यू 9.4 टक्के होते, न घेतलेल्यांमध्ये 11.8 टक्के. अ‍ॅस्पिरिन तोवर नव्वदएक वर्षं बाजारात होतं. म्हणजे चुकीचं औषध चाचणीत घेणं ही जशी चूक, तसंच बरोबर औषध वर्षानुवर्षं चाचणीविना पडून राहू देणं हीही तेवढीच मोठी चूक. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन चुकांमधून वाट काढण्यासाठी आहेत. अशा निवडीत पहिल्यांदाच बसणारे डॉक्टर, औषधशास्त्राचे आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी, एथिक्स कमिटीचे सदस्य आणि रुग्णांचे प्रतिनिधी डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे.

पायरी 1 : औषधाचं नाव बाजूला ठेवा, आधी रुग्ण आणि घड्याळ

बहुतेक बैठका औषधाच्या नावाने सुरू होतात. कोणीतरी एखाद्या रेणूवर पंधरा वर्षं काम केलेलं असतं आणि त्याला तो रेणू चाचणीत हवा असतो. हे म्हणजे आधी कळस, मग पाया.

हार्ट अटॅकमध्ये शरीरात काय चाललं आहे, हे तासागणिक बदलतं. पहिल्या काही मिनिटांत आणि तासांत प्रश्न गुठळीचा असतो : रक्तवाहिनी किती लवकर उघडते आणि स्नायू किती वाचतो. वाहिनी उघडताक्षणी, रक्त पुन्हा वाहू लागताना, वेगळीच इजा होते. पुढचे काही दिवस मेलेल्या स्नायूभोवती दाह असतो, ठोक्यांची गडबड असते, क्वचित हृदयाची भिंत फाटते. मग काही आठवडे ते महिने डावा कप्पा ताणून मोठा होत राहतो आणि हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकण्याची, वाट तयार होते. त्यानंतर वर्षानुवर्षं दुसऱ्या झटक्याची भीती. एकच औषध यातल्या एका टप्प्यावर तारक आणि दुसऱ्यावर मारक ठरू शकतं.

1992 साली एसीई इनहिबिटर या रक्तदाब उतरवणाऱ्या एकाच गटातल्या दोन औषधांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. कॉन्सेन्सस-2 मध्ये झटक्यानंतर 24 तासांच्या आत एनालाप्रिलॅट शिरेतून सुरू केलं आणि पुढे गोळ्या दिल्या. अनेकांचा रक्तदाब घसरला, मृत्यू कमी झाले नाहीत आणि 6,090 रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली. सेव्ह चाचणीत कॅप्टोप्रिल 3 ते 16 दिवसांनी सुरू केलं, तेही फक्त ज्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतो ते प्रमाण) 40 टक्के किंवा त्याहून कमी आहे अशा 2,231 रुग्णांत. तिथे मृत्यू 25 वरून 20 टक्क्यांवर आले. पुढे आयसिस-4 ने दाखवलं, की पहिल्या दिवशी तोंडाने आणि कमी डोसपासून सुरू केल्यास सरसकट सगळ्या रुग्णांतही फायदा होतो, पण तो हजारात पाचेक जिवांएवढा लहान असतो. पहिल्या चाचणीचाच निकाल पाहून कोणी हा सगळा औषधगट बाद केला असता तर?

म्हणून यादी करण्याआधी एक वाक्य लिहून घ्या आणि त्यातल्या गाळलेल्या जागा भरा : अमुक रुग्णांना, झटक्यानंतर इतक्या वेळात, इतक्या डोसने, इतके दिवस अमुक औषध दिलं, तर आजच्या चांगल्या उपचारांच्या तुलनेत इतक्या काळात अमुक गोष्ट कमी होते का? हे वाक्य लिहिता येत नसेल तर औषध निवडायची वेळ अजून आलेली नाही.

पायरी 2 : आजच्या उपचारांनंतर काय उरलंय ते मोजा

तुमचं औषध रिकाम्या जागेत काम करणार नाही. रुग्णाला अँजिओप्लास्टी, गुठळी होऊ नये म्हणून दोन प्लेटलेट-विरोधी औषधं, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन आणि बहुधा आणखी दोन-तीन गोळ्या मिळालेल्या असतील. त्यानंतर कोण दगावतंय, कोण हार्ट फेल्युअर घेऊन परत भरती होतंय, कोणाला पुन्हा झटका येतोय, हे ताज्या नोंदवह्यांवरून पाहा. दहा वर्षं जुने आकडे घेतलेत तर फसाल.

डापा-एमआय चाचणीत हेच झालं. मधुमेह नसलेल्या 4,017 रुग्णांना डापाग्लिफ्लोझिन हे मुळात मधुमेहासाठी आलेलं औषध किंवा प्लासिबो दिलं, पण मृत्यू आणि हार्ट फेल्युअरच्या घटना अपेक्षेपेक्षा इतक्या कमी घडू लागल्या की मुख्य निकष (चाचणीचं यश ज्यावर मोजायचं ती गोष्ट) मधेच बदलावा लागला. त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या एम्पॅक्ट-एमआय चाचणीत 6,522 रुग्ण होते. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती 9.1 वरून 8.2 टक्के, पण हा फरक योगायोग नाही असं खात्रीने म्हणता आलं नाही. ही औषधं हार्ट फेल्युअरमध्ये उत्तम आहेत. झटक्यानंतर लगेच उरलेला धोका मात्र वाटला होता त्याहून लहान निघाला.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारा, जो फार कमी जण विचारतात : सध्या देतोय त्यातलं काय काढून टाकता येईल? वर्षानुवर्षं प्रत्येक रुग्णाला ऑक्सिजनचा मास्क लागायचा. स्वीडनमधल्या 6,629 रुग्णांच्या चाचणीने 2017 साली दाखवलं, की रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असेल तर मास्कने वर्षभरातल्या मृत्यूंत काहीच फरक पडत नाही. हृदयाचा वेग आणि जोर कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधांचंही तसंच. हृदयाचं पंपिंग शाबूत असलेल्या 5,020 रुग्णांच्या रिड्यूस-एएमआय चाचणीत 2024 साली फायदा दिसला नाही. 2025 साली रीबूट चाचणीनेही नाही म्हटलं, तर त्याच वर्षी नॉर्वे आणि डेन्मार्कच्या एकत्रित चाचणीत थोडा फायदा दिसला. जुनं औषध काढून पाहणं ही चाचणीची पूर्ण प्रतिष्ठित जागा आहे. रुग्णाची एक गोळी कमी होणं हेही यशच.

पायरी 3 : यादी लांब करा

यादी करताना कंजुषी नको. नवे रेणू घ्या, दुसऱ्या आजारांत वापरली जाणारी जुनी औषधं घ्या, सध्याच्या औषधाचा कमी डोस किंवा कमी कालावधी घ्या. पेटंट संपलेल्या औषधांसाठी मुद्दाम वेगळा रकाना ठेवा, कारण त्यांच्या बाजूने बोलायला बैठकीत सहसा कोणी येत नाही. अ‍ॅस्पिरिन, मॅग्नेशियम, कोल्चिसिन, ग्लुकोज-इन्सुलिन-पोटॅशियम यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, कारण कोणीतरी नफ्याचा हिशेब बाजूला ठेवून त्यांच्यामागे उभं राहिलं.

जनुकांचा पुरावा यादीला चांगली चाळणी लावतो. ज्यांच्यात जन्मतःच पीसीएसके9 हे प्रथिन कमी काम करतं, त्यांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आयुष्यभर कमी राहतं आणि हृदयरोगही कमी होतो. त्यामुळे ते प्रथिन रोखणाऱ्या औषधांवर विश्वास ठेवायला भक्कम आधार होता. याउलट, फक्त एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वाढवणारे जनुकीय बदल असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक कमी आढळले नाहीत.

पायरी 4 : पुराव्याची झडती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते एकूण कामाचा निम्मा वेळ याच पायरीवर जायला हवा, आणि प्रत्येक औषधाची झडती त्या औषधाशी काहीही देणंघेणं नसलेल्या दोघांनी स्वतंत्रपणे घ्यावी.

प्राण्यांपासून सुरुवात करा. प्रयोगातला प्राणी तरुण असतो, निरोगी असतो, त्याला मधुमेह नसतो, तो कोणतीही गोळी घेत नसतो. त्याची रक्तवाहिनी ठरलेल्या क्षणी बांधतात, ठरलेल्या क्षणी सोडतात आणि औषध बऱ्याचदा आधीच देतात. तुमचा रुग्ण सत्तरीचा आहे, छातीत दुखायला लागून चार तास झालेत आणि पोटात पाच औषधं आहेत. विचारा : एकाहून जास्त प्रयोगशाळांनी हा परिणाम दाखवलाय का? मोठ्या प्राण्यात दाखवलाय का? कोणाला औषध दिलं हे मोजणाऱ्यापासून लपवलं होतं का? अमेरिकेत सीझर नावाच्या प्रयोगशाळांच्या गटाने हेच नियम लावून उंदीर, ससे आणि डुकरांवर प्रयोग केले. झटक्याआधी रक्तपुरवठा थोडा थोडा थांबवून हृदयाला सरावण्याची जुनी पद्धत तिथे टिकली. सोडियम नायट्राइट आणि सिल्डेनाफिल, ज्यांच्याबद्दल आधी उत्साहाने लिहिलं गेलं होतं, टिकली नाहीत.

मग माणसांवरच्या लहान चाचण्या. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेलं एकच असतं आणि भात सगळा सारखा शिजतो. रुग्णांचं तसं नसतं. 2008 साली 58 रुग्णांत सायक्लोस्पोरिनने मेलेल्या स्नायूचा आकार कमी झाल्याचं दिसलं. 2015 साली सर्कस चाचणीत 970 रुग्ण घेतले तेव्हा वर्षाअखेरीस मृत्यू, हार्ट फेल्युअर आणि कप्पा मोठा होणं यांत काडीचाही फरक नव्हता. मॅग्नेशियमची गोष्ट याहून बोलकी आहे. लहान चाचण्या एकत्र केल्यावर मृत्यू निम्म्याने कमी होतात असं चित्र दिसत होतं. 1992 साली 2,316 रुग्णांच्या चाचणीतही मृत्यू 10.3 वरून 7.8 टक्के झाले. मग आयसिस-4 मध्ये 58,050 रुग्ण आले : मॅग्नेशियम घेतलेल्यांत 7.64 टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत 7.24. काहींनी म्हटलं, मॅग्नेशियम उशिरा दिलं म्हणून असं झालं. तोही प्रश्न 2002 साली 6,213 रुग्णांच्या मॅजिक चाचणीत लवकर औषध देऊन तपासला गेला आणि उत्तर तेच आलं. लहान चाचण्यांच्या बेरजेत मोठी मेख असते. ज्यांत फायदा दिसला नाही त्या बऱ्याचदा छापल्याच जात नाहीत, मग बेरीज कशाची करणार?

झडतीत मुख्य निकष कोणता होता हे आवर्जून पाहा. पेक्सेलिझुमॅब या औषधाच्या सुरुवातीच्या चाचणीत स्नायूचं नुकसान कमी झालं नव्हतं, म्हणजे ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ होतं. पण 90 दिवसांतले मृत्यू बरेच कमी दिसले आणि त्या आशेवर पुढची चाचणी उभी राहिली. 5,745 रुग्णांनंतर फायदा शून्य. मुख्य प्रश्नाचं उत्तर नकारार्थी असताना बाजूच्या एखाद्या चमकदार आकड्यावर पैज लावू नका.

यानंतर, औषध माणसाच्या शरीरात आपल्या लक्ष्यापर्यंत पोचतं का? दाह कमी केला तर झटके कमी होतात का, हा प्रश्न दोन चाचण्यांनी घेतला. कॅन्टोसने 10,061 रुग्ण निवडताना त्यांच्या रक्तात सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) वाढलेलंच हवं अशी अट घातली, नेमका एक रेणू अडवणारं कॅनाकिनुमॅब दिलं, आणि 150 मिलिग्रॅमच्या डोसने झटके, पक्षाघात आणि मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले, कोलेस्टेरॉलला हातही न लावता. त्याच चाचणीत जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले. सर्टमध्ये 4,786 जणांपैकी निम्म्यांना कमी डोसचं मेथोट्रेक्सेट दिलं. सीआरपी घटलंच नाही आणि झटकेही घटले नाहीत. म्हणजे ज्या डोसची मोठी चाचणी करणार तो डोस अशाच रुग्णांत दाहाचा दर्शक हलवतो का, हे शंभर-दोनशे जणांत आधी पाहता येतं.

दर्शक हलणं आवश्यक आहे, पुरेसं मात्र कधीच नाही. टॉर्सेट्रापिबने एचडीएल 72 टक्क्यांनी वाढवलं, एलडीएल 25 टक्क्यांनी उतरवलं. कागदावर याहून सुंदर औषध नव्हतं. 15,067 जणांच्या चाचणीत मृत्यू वाढले आणि डिसेंबर 2006 मध्ये सगळं थांबलं. ते औषध रक्तदाबही वाढवत होतं. ज्या रकान्यात कोणी पाहत नाही तो रकाना पाहायची सवय लावा.

पायरी 5 : डोस

योग्य औषध चुकीच्या डोसमुळे बाद होणं, यासारखं दुःख नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांत गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅपिक्साबॅनचा जो पूर्ण डोस देतात, तोच झटक्यानंतर प्लेटलेट-विरोधी औषधांवर चढवला तेव्हा रक्तस्राव इतका वाढला की 7,392 रुग्णांनंतर अ‍ॅप्रेज-2 चाचणी बंद करावी लागली. त्याच सुमारास त्याच जातीच्या रिव्हारोक्साबॅनचा दिवसातून दोनदा फक्त 2.5 मिलिग्रॅम असा छोटा डोस 15,526 जणांच्या चाचणीत तपासला गेला. हृदयरोगाने होणारे मृत्यू 4.1 वरून 2.7 टक्क्यांवर आले. 5 मिलिग्रॅमने मृत्यू कमी झाले नाहीत. रक्तस्राव छोट्या डोसनेही वाढला होता, पण तराजूचं पारडं फायद्याकडे झुकलं.

औषध देण्याचा मार्गही डोसचाच भाग. प्लेटलेट एकमेकांना चिकटू न देणारी औषधांची एक जात शिरेतून दिली की उपयोगी पडत होती. तिच्याच गोळ्या करून महिनोनमहिने दिल्या तेव्हा मृत्यू वाढले. शिरेतून चाललं म्हणून तोंडाने चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

पायरी 6 : रात्री अडीच वाजता हे औषध हातात घेऊन पाहा

माझी आग्रहाची सूचना आहे, की अंतिम यादीतल्या प्रत्येक औषधाची बाटली खरोखर टेबलावर आणा आणि ते देण्याची नक्कल करा.

रुग्ण घामाने चिंब आहे. एका हाताला सलाइन, दुसऱ्या मनगटातून अँजिओप्लास्टीची नळी जाणार आहे. औषध अडथळ्यातून तार पलीकडे जाण्याआधी शरीरात गेलं पाहिजे, म्हणजे हातात दहा-बारा मिनिटं. औषध भुकटीच्या रूपात आहे आणि विरघळायला पाच मिनिटं हलवावं लागतं. डोस वजनावर ठरतो, पण या माणसाला काट्यावर उभं करता येत नाही आणि त्याची मुलगी अंदाजाने सांगते, ‘सत्तर असेल.’ औषध फ्रिजमध्ये आहे, फ्रिज दुसऱ्या मजल्यावर. विरघळल्यावर त्याला हलका पिवळा रंग येतो, प्लासिबो मात्र पाण्यासारखा, म्हणजे कोणाला काय मिळालं हे सिरिंज भरणाऱ्या नर्सला पहिल्याच दिवशी कळणार. संमतीपत्र आठ पानांचं आहे आणि वाचणाऱ्याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखतंय.

यातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय आहे : आधीच भरलेली सिरिंज, वजनाच्या तीन ढोबळ पट्ट्या, रंगीत आवरण, क्रमांक घातलेले सीलबंद खोके अँजिओप्लास्टीच्या खोलीतच, एका पानाची छोटी संमती आणि सविस्तर कागद नंतर. पण उपाय सापडत नसेल तर औषध कितीही गुणी असो, या टप्प्यासाठी ते बाद. आयसिस-2 मध्ये 417 रुग्णालयांनी भाग घेतला, कारण त्यांना द्यायला सांगितलेली गोष्ट साधी होती : गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचं तासाभराचं एक सलाइन आणि रोजची एक गोळी.

पायरी 7 : नुकसानीचा वेगळा हिशेब

नुकसान नेहमी हजार रुग्णांमागे मोजा आणि फायद्याशेजारी त्याच ओळीत लिहा. चीनमधल्या 45,852 रुग्णांच्या कॉमिट चाचणीत मेटोप्रोलॉल हा बीटा-ब्लॉकर लगेच शिरेतून दिल्याने हजारात 5 जणांचा दुसरा झटका टळला, 5 जणांचं जीवघेणं फायब्रिलेशन (हृदयाची नुसती थरथर) टळलं, पण 11 जण जास्तीचे कार्डिओजेनिक शॉकमध्ये गेले, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पोचवेनासं झालं. बहुतेक शॉक पहिल्या दिवस-दीड दिवसातच आले. असा हिशेब मांडला की कोणाला वगळायचं हेही कळतं : रक्तदाब कमी, नाडी जलद, फुप्फुसांत पाणी असलेले रुग्ण. मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांत औषध साचतं का, नेहमीच्या अँटिबायोटिकबरोबर चालतं का, रक्तस्रावाची भर पडते का, हे तीन प्रश्न सगळ्या औषधांना सारखेच विचारा.

पायरी 8 : किती माणसं लागतील

हे गणित संख्याशास्त्रज्ञावर सोडून मोकळं होऊ नका. औषधाची निवड बऱ्याचदा इथेच ठरते.

समजा, सध्याच्या उपचारांवर वर्षभरात 8 टक्के रुग्णांना मृत्यू किंवा दुसरा झटका गाठतो. औषध हा धोका एक पंचमांशाने कमी करेल, म्हणजे 6.4 टक्क्यांवर आणेल, अशी आशा आहे. तो फरक खरा असेल तर 90 टक्के वेळा पकडता यावा, यासाठी प्रत्येक गटात सुमारे 5,500, म्हणजे मिळून 11,000 रुग्ण लागतात. फायदा एक दशांशच असेल, 8 वरून 7.2, तर 46,000. आणि मूळ धोकाच 4 टक्के असेल, तर एक पंचमांश फायद्यासाठीही 23,000 च्या आसपास.

आता प्रामाणिकपणे विचारा, की तुमचं औषध आजच्या सगळ्या उपचारांवर आणखी एक पंचमांश धोका कमी करेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? चाचणी परवडावी म्हणून फायद्याचा अंदाज फुगवणं हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना रोग आहे. अंदाज फुगवला की चाचणी लहान होते, लहान चाचणी ‘निष्कर्ष नाही’ म्हणून संपते आणि हजारो रुग्णांनी दिलेला वेळ वाया जातो. खर्च कमी करायचे सरळ मार्ग आहेत : नेहमीच्या नोंदवहीतूनच रुग्ण घेणं आणि त्यांचा मागोवा ठेवणं, किंवा दोन औषधं एकाच चाचणीत आडवी-उभी तपासणं, म्हणजे काहींना एक, काहींना दुसरं, काहींना दोन्ही आणि काहींना एकही न देणं. आयसिस-2 मध्ये असंच केलं म्हणून स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन दोन्हींची उत्तरं मिळाली, शिवाय दोन्ही घेतलेल्यांत मृत्यू 8 टक्के आणि एकही न घेतलेल्यांत 13.2 टक्के हेही कळलं. अट एवढीच, की दोन औषधं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करणारी नसावीत.

मुख्य निकष असा घ्या जो रुग्णाला स्वतःला जाणवतो : मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात, हार्ट फेल्युअरसाठी भरती. प्रयोगशाळेतला आकडा मुख्य निकष म्हणून फक्त सुरुवातीच्या छोट्या चाचणीत.

पायरी 9 : निवडीची बैठक

बैठकीआधी प्रत्येकाने प्रत्येक औषधाला स्वतंत्रपणे, लेखी गुण द्यावेत. आधी चर्चा झाली तर सगळ्यात ज्येष्ठ माणसाचं मत सगळ्यांचं होतं. ज्याचा एखाद्या औषधाशी पैशाचा, पेटंटचा किंवा कारकिर्दीचा संबंध आहे, त्याने माहिती द्यावी, प्रश्नांना उत्तरं द्यावीत आणि गुण देताना बाहेर बसावं. रुग्णांचे किमान दोन प्रतिनिधी असावेत. एकटा असला तर तो गप्प बसतो.

एक उदाहरण कोल्चिसिनचं घेऊ. सांधेदुखीचं जुनं औषध, पेटंट नाही, दाह कमी करतं. 2019 साली कोलकॉट चाचणीत झटक्यानंतर 30 दिवसांच्या आत रोज 0.5 मिलिग्रॅम सुरू केलं; एकूण 4,745 रुग्णांच्या या चाचणीत मृत्यू, झटके, पक्षाघात अशा घटना प्लासिबोच्या 7.1 टक्क्यांवरून 5.5 टक्क्यांवर आल्या. वरवर पाहता विषय संपला. पण झडती घेणाऱ्याच्या लक्षात येईल, की फायद्याचा मोठा वाटा पक्षाघात आणि छातीदुखीसाठी तातडीच्या भरतीतून आला होता, मृत्यूंतून नाही. अशा वेळी कागदावर लिहायचं : ‘आशादायक, स्वस्त, पुन्हा तपासण्याजोगं, अजून सगळ्यांना देण्याजोगं नाही.’ 2024 साली क्लिअर सिनर्जीचा निकाल आला. 7,062 रुग्ण, अँजिओप्लास्टीनंतर लगेच सुरुवात, सुमारे तीन वर्षं पाठपुरावा : 9.1 टक्के विरुद्ध 9.3, म्हणजे फरक नाही, आणि जुलाब जास्त. सीआरपी मात्र उतरलं होतं. आज कोणी कोल्चिसिन पुन्हा यादीत आणलं, तर नवा प्रश्न कोणता आहे हे त्याने पहिल्या ओळीत सांगावं : वेगळे रुग्ण, वेगळी वेळ, की सीआरपी जास्त असलेल्यांचीच निवड?

बैठकीत शेवटी एक कसोटी लावा. उत्तर ‘हो’ आलं तर उपचार बदलतील का? आणि ‘नाही’ आलं तरीही काही बदलेल का? दोन्हींचं उत्तर होकारार्थी असेल, आणि औषध देणं बरं की न देणं बरं याबद्दल जाणकारांमध्ये खरीखुरी अनिश्चितता असेल, तरच रुग्णाला सहभागी व्हायला सांगायचा आपल्याला अधिकार आहे.

पायरी 10 : थांबायची जागा आधीच ठरवा

निवड झाली की लगेच, पहिला रुग्ण येण्याआधी, लिहून ठेवा की कोणत्या आकड्यावर तुम्ही थांबाल. लोस्मापिमॉडच्या बाबतीत हे फार चांगलं केलं गेलं. दाह कमी होतो एवढं कळल्यावर थेट पंचवीस हजार रुग्णांत न जाता आधी 3,503 रुग्णांचा पहिला टप्पा ठेवला. त्यात फायद्याचा मागमूस नव्हता, म्हणून पुढचा सुमारे 22,000 रुग्णांचा टप्पा सुरूच केला नाही. निकाल नकारार्थी आला, पण एवढे रुग्ण निरुपयोगी चाचणीपासून वाचले. अधूनमधून आकडे पाहण्याचं काम स्वतंत्र डेटा मॉनिटरिंग समितीकडे द्या. चाचणी चालवणाऱ्यांनी ते डोळ्यांनीही पाहू नयेत.

कोणत्या उपगटांत फरक शोधणार हेही तेव्हाच लिहा आणि चाचणीच्या नोंदणीत टाका. आयसिस-2 च्या लेखकांनी रुग्णांना राशींनुसार वाटून दाखवलं, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनने किंचित अपाय होतो असं दिसलं, बाकीच्यांना मोठा फायदा. निकालानंतर उपगट शोधत बसलं की काय हाती लागतं, हे दाखवायलाच त्यांनी ते छापलं होतं.

बाद केलेल्या औषधांची यादी फेकू नका. प्रत्येकासमोर तारीख आणि बाद करण्याचं एका ओळीचं कारण लिहा : ‘डोस माहीत नाही’, ‘फक्त उंदरांत’, ‘शिरेतूनच देता येतं, या टप्प्याला गैरसोयीचं’. वर्षातून एकदा ती यादी उघडून पाहा. एखाद्यासमोरचं कारण आता उरलेलं नसेल, तर त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर, रुग्ण आणि घड्याळ यांच्यासमोर, उभं करा.